स्मृतिभ्रंशाची काळजी घ्यायला शिकायचे कुठे, आणि कोणी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाईंचे वय ७६, अल्झायमरचे निदान होऊन दोन वर्षे झाली आहेत. तुम्ही सांगलीत राहता, यजमान नोकरीमुळे दिवसभर बाहेर असतात, दीर पुण्याला आणि नणंद बंगळूरला आहे. संध्याकाळ झाली की सासूबाई ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी उभ्या राहतात, आंघोळीला नकार देतात आणि आपल्या बांगड्या सुनेने घेतल्या असे शेजाऱ्यांना सांगतात. तुम्ही भरपूर वाचले, अनेक व्हिडिओ पाहिले, तरी घरात त्याचा उपयोग होत नाही. म्हणून एखादा चांगला अभ्यासक्रम सुचवावा असे तुम्ही लिहिले आहे. आणि ‘परक्या लोकांत जाऊन रडून काय होणार?’ असे यजमान म्हणत असताना मदतगटाला जाण्यात काही अर्थ आहे का, असेही विचारले आहे.

मी मनोविकार विभागातील समाजकार्यकर्ती म्हणून अनेक वर्षे स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या घरच्यांबरोबर काम करते. काही काम रुग्णालयात आणि बरेचसे त्यांच्या घरी बसून. तुमचे पत्र वाचून मला असे वाटते की तुमच्याकडे माहिती कमी नाही. तुम्हाला जे कळले आहे ते यजमानांना, दिरांना आणि नणंदेला कळलेले नाही, ही खरी अडचण आहे, आणि तुम्ही एकटीने आणखी एक अभ्यासक्रम पूर्ण केलात तर ती वाढण्याचीच शक्यता अधिक. घरात एकच व्यक्ती ‘त्यातली जाणकार’ ठरली की आंघोळ तिने घालायची, औषधे तिने द्यायची, रात्री तिने जागायचे आणि डॉक्टरांकडेही तिनेच न्यायचे, अशी वाटणी कोणी न ठरवता होऊन जाते. बाकीचे अगदी मनापासून म्हणतात, ‘तिला बरोबर जमतं, आमचं आई ऐकतच नाही.’ हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की एकट्या सुनेला किंवा एकट्या मुलीला शिकवण्याच्या मी विरोधातच आहे, असे म्हटले तरी चालेल.

माझे उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्यांतील बऱ्याच तुमच्या पत्रात आलेल्या नाहीत. स्मृतिभ्रंश हा एकच आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांत त्यामागे अल्झायमर असतो; उरलेल्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार, लेवी बॉडी, फ्रंटोटेम्पोरल असे प्रकार येतात, आणि उतारवयात दोन प्रकार एकत्र असणेही नवलाचे नाही. प्रकार बदलला की शिकण्याच्या गोष्टी बदलतात. लेवी बॉडीच्या रुग्णाला घरात नसलेली माणसे दिसतात, आणि ‘शांत राहण्यासाठी’ दिलेल्या काही औषधांनी तो एकाएकी ताठरून अंथरुणाला खिळू शकतो. फ्रंटोटेम्पोरलमध्ये आठवण बऱ्यापैकी शाबूत असते पण वागण्याचे भान सुटते, आणि घरचे लोक वर्षानुवर्षे त्याला स्वभाव समजत राहतात. सासूबाईंना ऐकू किती येते, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे का, कवळी नीट बसते का, हेही तुम्ही लिहिलेले नाही. हे प्रश्न क्षुल्लक वाटतील, पण ज्यांना अर्धेच ऐकू येते त्यांच्याशी कसे बोलावे यावरचा उत्तमातला उत्तम धडाही वाया जातो.

एक गोष्ट मात्र सर्वांना सारखीच लागू आहे. अल्झायमर महिन्या-वर्षांच्या चालीने पुढे सरकतो. त्यामुळे वागण्यातला बदल एक-दोन दिवसांत झाला असेल, म्हणजे काल बरे बोलणारी व्यक्ती आज भरकटल्यासारखी वागत असेल किंवा दिवसा गुंगीत आणि रात्री बेभान असेल, तर ‘आजार वाढला’ असे समजून गप्प बसू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तातले सोडियम कमी होणे, पडल्याने डोक्याला लागलेला मार, इतकेच काय तर सर्दीसाठी दुकानातून आणलेली साधी गोळी, यांपैकी कशानेही असे होते, आणि त्यावर उपचार असतात. घरात प्रत्येकाला निदान हे एवढे तरी ठाऊक असले पाहिजे.

आता शिकण्याविषयी. मी कुटुंबांना सर्वप्रथम आजाराचे टप्पे शिकवत नाही, एक वही ठेवायला सांगते. पंधरा दिवस, त्रासाचा फक्त एकच प्रसंग निवडून, तो कधी झाला, त्याआधीच्या अर्ध्या तासात घरात काय चालले होते, कोण कोण होते, तुम्ही काय केलेत आणि मग काय झाले, एवढेच लिहायचे. ‘आज खूप त्रास दिला’ असे लिहिण्याचा उपयोग नसतो. ‘पावणेसहाला गॅलरीचा दिवा लागलेला नव्हता, मी फोनवर होते, आई पिशवी घेऊन दाराशी गेल्या’ असे लिहिण्याचा असतो. पंधरा दिवसांनी ती वही आपली आपण वाचण्यापेक्षा दुसऱ्या कुणाला वाचायला द्यावी, कारण रोज त्यात असलेल्या माणसाला त्यातली साखळी सहसा दिसत नाही.

आंघोळीचेच घ्या. तुम्ही लिहिता की ‘चला, आंघोळ करायची आहे’ म्हटले की त्या खुर्ची घट्ट धरून बसतात. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला न्हाणीघरात काय काय सोसावे लागते ते एकदा तिच्या जागी उभे राहून पाहा. ओल्या पांढऱ्या फरशीवर पांढरी बादली नीट दिसत नाही, त्यामुळे पाऊल कुठे टाकायचे ते कळत नाही. नळाचा आवाज बंद खोलीत घुमतो. अंगावरचे कपडे कोणीतरी घाईने उतरवते, आणि ती व्यक्ती आपली सून आहे हे त्या क्षणी आठवतेच असे नाही. मग डोक्यावर पाणी. यात आरडाओरडा करणे हा हट्ट नसून भीती आहे, आणि भीतीला समजावून सांगता येत नाही, तिची कारणे एकेक करून काढता येतात. पाणी आधीच काढून ठेवून नळ बंद करावा. गडद रंगाची बादली आणि तांब्या घ्यावा. खाली पाय घसरणार नाही असे रबरी पायपुसणे आणि बसायला पाठीची प्लास्टिकची खुर्ची ठेवावी. पाणी आधी त्यांच्या हातावर घालावे, मग पायांवर. डोक्यावरून पाणी आठवड्यातून एकदाच, आणि तेही शेवटी. अंगावर मोठा पंचा किंवा जुनी सुती साडी राहू द्यावी आणि तिच्याखालून अंग धुवावे. लाज ही आठवणीपेक्षा जास्त काळ टिकते. आणि ‘आंघोळ’ हा शब्द काढण्याऐवजी त्यामागे त्यांच्या आयुष्यात जे येत असे त्याचे नाव घ्यावे. ज्या बाई पन्नास वर्षे पहाटे न्हाऊन देवपूजेला बसत आल्या, त्यांना सकाळी अकराला, तुमची कामे उरकल्यावर, आंघोळीला बोलावले तर ते त्यांच्या दिनक्रमात बसत नाही. ‘देवाला फुलं आणलीत, पाणी काढलंय’ हे सकाळी लवकर म्हटले तर बसू शकते. बसेलच असे मी म्हणणार नाही. न बसल्यास त्या दिवशी कोमट पाण्यात भिजवलेल्या पंचाने अंग पुसून घ्यावे आणि विषय सोडून द्यावा, कारण रोजच्या आंघोळीवाचून कुणाचे बिघडत नाही. रोजच्या झटापटीने मात्र दोघींचेही बिघडते.

‘घरी जायचंय’ या वाक्याला आपण सगळे पहिल्यांदा एकच उत्तर देतो : ‘अहो आई, हेच तर आपलं घर.’ ते खरे असूनही निरुपयोगी ठरते, कारण त्यांना हवे असलेले घर पत्त्यावर सापडणारे नसते. ते माहेर असेल, लग्नानंतर राहिलेली चाळीतली खोली असेल, किंवा फक्त ओळखीचे, सुरक्षित वाटण्याची ती धडपड असेल. तेव्हा पत्ता दुरुस्त करण्याऐवजी ‘घरी कोण कोण आहे? आईनं काय केलं असेल आज?’ असे विचारून त्यांच्याबरोबर दोन पावले त्या घरात जाऊन यावे, आणि मग त्यांना चहाकडे किंवा लसूण सोलण्यासारख्या हाताच्या कामाकडे वळवावे. त्याआधीही काही करता येते. दिवेलागणीच्या बरेच आधी घरातले सगळे दिवे लावावेत, कारण अंधूक उजेडात सावल्या माणसांसारख्या दिसतात आणि काळोखी काच आरशासारखी होते. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर जाऊ देऊ नये. आणि त्या वेळी भूक, तहान किंवा लघवीची घाई नाही ना, हे विचारून नव्हे तर लक्ष ठेवून पाहावे.

बांगड्यांबद्दल फार लिहीत नाही. चोरीचा आळ जवळपास नेहमी सर्वांत जवळच्या माणसावर येतो, कारण वस्तू आपण कुठे ठेवली हे आठवत नाही आणि घरात वावरताना दिसते ती एकच व्यक्ती. स्वतःची बाजू मांडत बसू नका. ‘थांबा, आपण दोघी शोधू’ म्हणा आणि खरोखर शोधा. गादीखाली, उशीच्या अभ्र्यात, तांदळाच्या डब्यात, जुन्या पर्समध्ये. खऱ्या सोन्याच्या जागी त्याच घडणीच्या बेन्टेक्सच्या बांगड्या घालाव्यात आणि खऱ्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवाव्यात; हे काम मात्र यजमान, दीर आणि नणंद या तिघांना सांगून, यादी लिहून करावे. शेजाऱ्यांना आजाराची कल्पना तुम्ही देण्यापेक्षा यजमानांनी दिली तर ती लवकर पटते, हे कटू आहे पण खरे आहे.

या तिन्ही प्रसंगांत तुमच्या लक्षात आले असेल की अडले ते आजाराच्या माहितीशी नाही. सासूबाई कोणत्या वेळी न्हात असत, त्यांचे ‘घर’ म्हणजे नेमके कोणते, वस्तू दडवायची त्यांची जुनी जागा कोणती, लहानपणी मुलांना निजवताना त्या काय गुणगुणत, यावर सगळे अडते. ही माहिती कोणत्याही अभ्यासक्रमात नाही आणि तुमच्याकडेही ती अर्धीच आहे, कारण तुम्ही त्या घरात लग्न होऊन आलात. ती त्यांच्या तीन मुलांकडे आहे. म्हणजे जे आज ‘आम्हाला त्यातलं कळत नाही’ म्हणून बाजूला बसले आहेत, त्यांच्याकडेच अर्धा अभ्यासक्रम आहे. घरातल्या सर्वांनी मिळून शिकावे असे मी म्हणते ते केवळ कामाची वाटणी व्हावी म्हणून नाही.

याला अभ्यासाचाही आधार आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी अल्झायमर झालेल्यांच्या ४०६ पती-पत्नींबरोबर दीर्घकाळ एक प्रयोग केला. त्यात काळजी घेणाऱ्या जोडीदाराला समुपदेशनाच्या दोन बैठका स्वतंत्र आणि चार बैठका इतर कुटुंबीयांसह दिल्या होत्या. त्यानंतर मदतगट, आणि गरज पडेल तेव्हा फोनवर बोलण्याची सोय. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, अशी मदत मिळालेल्या घरांत रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी लांबली. आपल्याकडे यशाची ही मोजपट्टी जशीच्या तशी लावता येणार नाही, कारण तसे पर्यायच मोजके आहेत आणि ‘लोक काय म्हणतील’ याचा धाकही मोठा आहे. पण कुटुंबाच्या बैठका दुप्पट होत्या, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

त्याहून जवळचे उदाहरण गोव्याचे. तेथे ‘संगथ’ या संस्थेच्या डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर किंवा परिचारिका नसलेल्या, पण थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्ती सहा महिने नियमितपणे या घरी जात, आजार समजावून सांगत, वागण्यातल्या अडचणींवर तोडगे सुचवत आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून देत. त्यातून घरच्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णाच्या लक्षणांत मात्र तसा ठोस फरक सिद्ध झाला नाही. हा निकाल काहींना निराशाजनक वाटतो, मला तो अत्यंत आश्वासक वाटतो. सासूबाई संध्याकाळी दाराशी जाणे कदाचित थांबणार नाही. पण तेव्हा तुमच्या पोटात जो गोळा येतो, तो येणे थांबू शकते, आणि त्यासाठी फार मोठी पदवी असलेले माणूस घरी यावे लागत नाही.

अभ्यासक्रम विचारलात, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘आयसपोर्ट’ नावाचा विनामूल्य कार्यक्रम काढला आहे. त्याचे पाच भाग आहेत : आजाराची ओळख, काळजीवाहकाची भूमिका, स्वतःची काळजी, दैनंदिन शुश्रूषा आणि वागण्यातील बदल. त्याची छापता येणारी पुस्तिकाही आहे, आणि बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील तज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह भारतीय कुटुंबांसाठी त्याचे रूपांतर करून पाहिले आहे. तुम्ही आत्तापर्यंत बरेच वाचले असल्याने पहिला भाग सोडून द्या, तिसरा आणि पाचवा भाग पाहा. आणि पहिला भाग यजमानांना, दिरांना व नणंदेला द्या. प्रत्येकाने तो आपापल्या वेळी वाचावा आणि रविवारी अर्धा तास त्यावर बोलावे. व्हिडिओंबाबत माझे मत फारसे अनुकूल नाही. परदेशी व्हिडिओंतली शांत, कार्पेट घातलेली घरे आणि आपला दोन खोल्यांचा फ्लॅट यांत अंतर असते, आणि आपल्याकडच्या अनेक व्हिडिओंच्या शेवटी कसली तरी बुद्धिवर्धक पावडर विकायला ठेवलेली असते.

प्रत्यक्ष माणसाशी बोलायचे असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. तो रुग्णांइतकाच तुमच्यासारख्या थकलेल्या काळजीवाहकांसाठीही आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या एल्डरलाइनचा क्रमांक १४५६७ आहे. १९९२ पासून काम करणारी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही देशव्यापी संस्था आहे, तिच्याकडे ऑनलाइन बैठकांची चौकशी करता येईल. तुमच्या शेजारी मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथील मनोविकार विभागात जाऊन घरच्यांसाठी समुपदेशनाची काय सोय आहे ते विचारा, आणि विचारायला यजमानांना पाठवा.

आता मदतगट. यजमानांच्या शंकेत अगदीच तथ्य नाही असे नाही. ज्या गटात दर वेळी तेच दुःख तेवढेच उगाळले जाते आणि घरी जाताना हाती काही लागत नाही, तो गट फार दिवस धरून ठेवू नये. नवख्या माणसाला आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या कहाण्या एकदम ऐकवणारे गटही मला योग्य वाटत नाहीत, आणि एखाद्या निवासी केंद्राने आपली गिऱ्हाइके मिळवण्यासाठी चालवलेले गट तर उघडच ओळखू येतात. चांगल्या गटात रडू येतेच, त्याची लाज वाटू देऊ नये. पण तिथून निघताना एखादी नेमकी गोष्ट बरोबर येते. पलंगावर घालायचे रबरी कापड कुठले चांगले, कवळी काढू न देणाऱ्या वडिलांचे कोणी काय केले, कोणते डॉक्टर रुग्णासमोर न बोलता घरच्यांशी वेगळे बोलतात, रात्रीची मावशी अचानक सोडून गेली तर काय करायचे, या गोष्टी मला माझ्या शिक्षणात कोणी शिकवल्या नाहीत, त्या मी अशा गटांतच ऐकल्या. माझी सूचना अशी की पहिल्या एक-दोन बैठकांना तुम्ही जाऊच नका. यजमानांना जाऊ द्या. पुरुष गटात क्वचित येतात, पण आले की ‘आमच्याकडेही अगदी असंच होतं’ हे वाक्य त्यांना दुसऱ्या पुरुषाच्या तोंडून ऐकायला मिळते, आणि घरी आल्यावर त्यांचा सूर बदललेला असतो. ते अजिबात तयार नसतील तर ऑनलाइन बैठक घरातल्या मोठ्या पडद्यावर लावा आणि त्यांना शेजारी बसू द्या.

दीर-नणंदेचे काय करायचे हा सगळ्यांत नाजूक भाग. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर आई दहा मिनिटे छान बोलतात, ‘जेवलीस का, मुलं कशी आहेत’ असे विचारतात, आणि नणंदेला वाटते की वहिनी जरा वाढवून सांगते. यात नणंदेचा दोष नाही; ओळखीच्या माणसाशी ठरावीक गप्पा मारण्याची सवय या आजारात बराच काळ टिकून राहते आणि ती दहा मिनिटे संपली की रुग्णच थकून अधिक गोंधळतो. यावर वाद घालून काही निघत नाही. त्यांनी सलग चार दिवस येऊन राहावे आणि त्या चार दिवसांत तुम्ही घरात नसावे, हा मला माहीत असलेला एकमेव पक्का उपाय आहे. तुम्ही घरात असलात तर आई तुमच्याकडेच येणार आणि पाहुणे पाहतच राहणार. जाण्याआधी वहीतले दोन पानी टिपण त्यांच्या हाती द्या : औषधांच्या वेळा, आंघोळीची रीत, संध्याकाळी काय करायचे, आणि काय बोलायचे नाही. फोन करून विचारपूस करू नका. त्यांना त्यांची स्वतःची पद्धत सापडू द्या. तुमच्यापेक्षा वेगळी असली तरी चालेल. मुलीने वेणी घालून दिली तर आई शांत बसतात, हे अनेकदा अशाच वेळी उघड होते.

बंगळूरहून वारंवार येणे नणंदेला शक्य नसेल, तर दुरून करता येणारी कामे पूर्णपणे तिच्याकडे द्यावीत. औषधे मागवणे, डॉक्टरांची वेळ घेणे, विम्याची कागदपत्रे, निवृत्तिवेतन असल्यास नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची व्यवस्था, मावशी पुरवणाऱ्या ब्यूरोशी बोलणे, हे सगळे फोनवरून होते. ‘काही लागलं तर सांग’ ही मदत नव्हे, कारण काय लागेल हे आठवून सांगण्याचे कामही मग तुमच्यावरच पडते. मावशी ठेवलीत तर तिलाही शिकवावे लागेल. ब्यूरोतून आलेल्या मावशींना अंथरुणावरच्या रुग्णाची सवय असते, चालत्याफिरत्या आणि संशय घेणाऱ्या रुग्णाची नसते; पहिला आठवडा तिला कामाला न लावता तुमच्याबरोबर बसवा आणि आईंशी ओळख होऊ द्या.

औषधांविषयी एकच वाक्य लिहिते, कारण तो डॉक्टरांचा प्रांत आहे. वागणूक आवरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही मानसोपचाराच्या औषधांमुळे स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. ती कधीकधी लागतात, पण ती कशासाठी दिली आणि कधी थांबवायची हे प्रत्येक भेटीत विचारलेच पाहिजे, आणि आपण होऊन बंदही करू नयेत.

तुम्ही विचारलेली नाही अशी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तिला मुदत आहे. अनेक कुटुंबे आईकडून मुखत्यारपत्र करून घेतात आणि निश्चिंत होतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे ते देणाऱ्या व्यक्तीची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच ते कामाला येत नाही आणि पालक म्हणून नेमणूक व्हावी यासाठी न्यायालयात जावे लागते. सासूबाईंना अजून व्यवहार समजत असेल, आणि दोन वर्षांनीही तो काही प्रमाणात समजणारे रुग्ण मी पाहते, तर बँक खाते मुलाबरोबर ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने संयुक्त करणे, वारसनोंदी तपासणे आणि त्यांची इच्छा असल्यास डॉक्टरांच्या दाखल्यासह मृत्युपत्र करणे, हे वकिलांना विचारून आत्ताच करावे. तिन्ही मुलांच्या समक्ष करावे आणि तुम्ही त्यात पुढाकार घेऊ नये. बांगड्यांचा आळ ज्यांच्यावर आला आहे त्यांनी कागदांपासून चार हात दूर राहिलेले बरे.

पुन्हा लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा : निदानाच्या कागदावर आजाराचा नेमका कोणता प्रकार लिहिला आहे, सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची नावे (आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेली धरून), आणि कानांची तपासणी शेवटची कधी झाली. शक्य झाल्यास हे उत्तर यजमानांना वाचायला द्या, आणि त्या तीन गोष्टी त्यांनाच लिहायला सांगा.